प्रकरणाला नाव कोणी द्यायचे?

मराठीत 'प्रकरण' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पुस्तकाचा एक भाग म्हणजे प्रकरण. आणि पोलिसात, तहसिलीत, कोर्टात जाणारी भानगड म्हणजेही प्रकरण. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तके आहेत त्या घरातल्या मुलाला पहिला अर्थ आधी कळतो. आमच्या वस्तीतल्या मुलाला दुसरा आधी कळतो. 'प्रकरण वर गेले', 'प्रकरण दाबले', 'प्रकरण मिटवून टाका' ही वाक्ये ऐकत तो मोठा होतो. पुस्तकालाही प्रकरणे असतात, हे त्याला पुढे शाळेत समजते. कादंबरीतल्या प्रकरणांना नावे कशी द्यावीत, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नावर मी लिहायला बसलो आहे ते या दोन अर्थांमुळे.

मी कुरुंद्याचा. हे गाव वसमत तालुक्यात आहे. पूर्वी ते परभणी जिल्ह्यात होते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून हिंगोलीत. टोकाईचा डोंगर आणि हळदीची शेती ही इकडची ओळख. मराठी वाचकाला ते आणखी एका कारणाने माहीत असायला हरकत नाही. नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या आडनावात हेच गाव आहे, आणि त्यांचे 'धार आणि काठ' (१९७१) हे पुस्तक मराठी कादंबरीच्या वाटचालीवरचे आहे. कादंबरीविषयी गंभीरपणे बोलणे ही शहराची मक्तेदारी आहे असे आमच्याकडे कोणी मानू नये, म्हणून हा उल्लेख.

मी हयातभर मराठी शिकवले. निवृत्त झाल्यावर एक जुना विद्यार्थी दोन जाड वह्या घेऊन घरी आला. त्याने कादंबरी लिहिली होती. एकोणीस प्रकरणे, प्रत्येकाच्या डोक्यावर नुसता आकडा. सातवे प्रकरण मी दोनदा वाचले. त्यातली घटना कुरुंद्यातली नव्हे, इकडच्याच एका लहान खेड्यातली, त्याच्या जन्माच्या आधीची आहे. उन्हाळ्यात वस्तीचा आड आटला. बायका गावच्या विहिरीवर गेल्या. त्यांच्या घागरी फोडण्यात आल्या, एका म्हातारीला ढकलून दिले, ती पुढे उठून नीट चालली नाही. त्या घटनेची जी नोंद झाली तिची नक्कल त्या मुलाने कुठून तरी मिळवून वहीत चिकटवली होती. नोंद एका ओळीची होती: पाण्यावरून किरकोळ बाचाबाची झाली, दोन घागरी फुटल्या, दोन्ही बाजूंना समज देऊन प्रकरण मिटविले.

"सर, सातव्याला नाव द्यावं म्हणतो," तो म्हणाला. "'वणवा' कसं वाटतं?"

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे त्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

प्रकरणाला नाव देण्याच्या मोठमोठ्या पद्धती तीन. पहिली आकड्याची: एक, दोन, तीन. दुसरी सूचक नावाची: 'वणवा', 'काळोख', 'पहाट'. तिसरी वर्णनपर नावाची: या प्रकरणात कोण काय करतो, कोणाचे काय होते, हे वाक्यात सांगणारी. पहिली पद्धत काहीच सांगत नाही. दुसरी भाव सांगते. तिसरी घटना सांगते. आज आपले बहुतेक लेखक पहिली किंवा दुसरी पद्धत वापरतात आणि तिसरी जुनाट समजतात. ती जुनी आहे हे खरे. जुनाट आहे की नाही, हे तपासले पाहिजे.

ग्रंथाचे भाग पाडून त्यांना नावे देणे आपल्याला परके नाही. धम्मपदाच्या ४२३ गाथा २६ वग्गांत विभागल्या आहेत आणि प्रत्येक वग्गाला नाव आहे: अप्पमादवग्ग, दण्डवग्ग, शेवटचा ब्राह्मणवग्ग. ही विषय सांगणारी नावे आहेत. मराठी गद्याच्या आरंभी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' उभे आहे. त्यातल्या लीळांनाही छोटी नावे आहेत, आणि त्यांवरून कोणाची भेट झाली, कशावरून बोलणे निघाले, हे कळते. ही घटना सांगणारी नावे आहेत. ज्यांना ग्रंथ स्वतः वाचता येत नव्हता, ज्यांना तो ऐकून लक्षात ठेवायचा होता, त्यांच्यासाठी असे नाव हा खुंटा होता. त्याला धरून आठवण बांधता येई.

युरोपातही तसेच घडले. १४८५ साली विल्यम कॅक्स्टन या इंग्रज मुद्रकाने टॉमस मॅलरीची राजा आर्थरची कथा छापली. छापताना त्याने तिचे २१ खंड आणि पाचशेहून अधिक प्रकरणे केली आणि प्रत्येक प्रकरणात काय घडते ते सांगणारे मथळे दिले. ही वाटणी मुद्रकाची होती; लेखक तोवर हयात नव्हता. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे सर्व्हांटिसने 'डॉन किहोते'त (१६०५ आणि १६१५) हे मथळे स्वतः लिहिले आणि त्यांतून वाचकाची थट्टा केली. व्हॉल्टेअरच्या 'कॅन्डीड'चे (१७५९) पहिलेच शीर्षक नायक थाटाच्या वाड्यात कसा वाढला आणि तिथून कसा हाकलला गेला, हे सांगून मोकळे होते. फील्डिंगने 'टॉम जोन्स'मध्ये (१७४९) खंडाखंडाच्या डोक्यावर त्यात किती काळ सरतो ते नोंदवले आहे.

मराठी कादंबरी जन्मली तेव्हा हीच रीत चालू होती. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीच्या नावाला 'अथवा' जोडून पुढे हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण आहे असे सांगितले आहे. म्हणजे मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी आपण कशाविषयी बोलणार हे लपवत नाही. पुढे कादंबरीची कल्पना बदलली. लेखकाने मध्ये बोलू नये, वाचकाला पात्राच्या मनात थेट सोडावे, काय घडले यापेक्षा मनात काय उमटले ते महत्त्वाचे, असे मानले जाऊ लागले. तेव्हा वर्णनपर शीर्षक आडवे येऊ लागले, कारण ते लेखकाचा उघड आवाज आहे. त्याच्या जागी आकडा आला, नाहीतर कोरी जागा आली. या बदलात कलेचा लाभ झाला हे मी नाकारत नाही. पण ज्यांच्या आयुष्यात काय घडले हेच कोणी नीट नोंदवलेले नाही, त्यांनी 'काय घडले ते महत्त्वाचे नाही' हा निकष जसाच्या तसा उचलावा का, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न विचारताना आपल्याला युरोपकडे पाहण्याची गरज नाही. वर्णनपर शीर्षक हे हत्यार म्हणून मराठीत कोणी वापरले असेल तर ते महात्मा फुल्यांनी. 'गुलामगिरी' (१८७३) हा जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद सोळा भागांत आहे आणि भागांना मथळे आहेत. बळीराजाच्या भागाचा मथळा काढून पाहा. त्यात बळीराजाच्या शेजारी खंडोबा आहे, तळी भरणे आहे, घट बसविणे आहे. वाचक अजून मजकुरात शिरलेलाही नाही. पण आपल्या घरात दरवर्षी होणारे विधी आणि बळीराजाची कथा एका रांगेत आलेली त्याने पाहिली आहे. ही रांगच एक विधान आहे. मजकूर पुढे त्याची फोड करतो.

'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये फुले आणखी पुढे जातात. तिथे पाच प्रकरणे आहेत. पहिल्या प्रकरणाचे शीर्षक हे एक लांबलचक वाक्यच आहे. सरकारी खात्यांत कोणाचे प्राबल्य आहे, ते धर्माचे निमित्त करून कोणाला नाडतात, आणि त्यामुळे शेतकऱ्याच्या लेकरांची शाळा कशी बुडते, हे सगळे त्यात आले आहे. दुसऱ्याचे शीर्षक गोऱ्या अधिकाऱ्यांच्या ऐषआरामापासून निघून शेतकऱ्याच्या भाकरीपर्यंत आणि अंगावरच्या वस्त्रापर्यंत येते. कोण, कोणाला, कशाच्या आडून, आणि परिणाम काय? हे चारही प्रश्न शीर्षकातच उत्तर घेऊन उभे आहेत. कोर्टात आरोप वाचून दाखवतात तसे ते शीर्षक वाचता येते. फक्त इथे आरोप ठेवणारा शूद्र शेतकऱ्याच्या बाजूचा आहे, आणि हे 'प्रकरण' कोणाला मिटवता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्याची नुसती अनुक्रमणिका अभ्यासावी. सुरुवातीच्या शीर्षकांचे दोन तुकडे आहेत. पहिल्या तुकड्यात निवाडा: ही घटना विचित्र आहे, हा देखावा हलका आहे, हा सौदा हीन आहे. दुसऱ्या तुकड्यात घटना: काँग्रेस दखल घेते, काँग्रेस आपली योजना सोडून देते, काँग्रेस सत्ता सोडायला नकार देते. त्या दुसऱ्या तुकड्यांत दर वेळी एकच कर्ता आहे आणि दर वेळी क्रियापद सकर्मक आहे. 'योजना बारगळली' असे बाबासाहेब म्हणत नाहीत. कोणी सोडली ते सांगतात.

त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे शीर्षक आणखी एक गोष्ट शिकवते. सिद्धार्थ गौतम हा बोधिसत्त्व बुद्ध कसा झाला, अशा आशयाचे ते आहे. तो बुद्ध झाला हे शीर्षकानेच सांगून टाकले. मग उरले काय? उरले 'कसा'. वर्णनपर शीर्षकाने उत्कंठा मरते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याने 'पुढे काय होणार' ही उत्कंठा कमी होते हे खरे. पण 'हे कसे झाले' ही उत्कंठा त्यातूनच जन्मते. आपल्या कथांत पुढे काय होणार हे वाचकाला बहुतेक वेळा आधीच ठाऊक असते. विहिरीवर गेलेल्या बाईचे काय होणार, हे कोणत्या वाचकाला कळत नाही? आपल्याला सांगायचे असते ते हे: कसे झाले, कोणी केले, कोण बघत उभे राहिले.

या ग्रंथाचा आणखी एक धडा मला विहारात मिळाला. वर्षावासात संध्याकाळी हा ग्रंथ वाचला जातो. ऐकणाऱ्या बायका दिवसभर खुरपून आलेल्या असतात. कोणी एक दिवस येते, दोन दिवस येत नाही. वाचणारा जेव्हा आजच्या भागाचे शीर्षक मोठ्याने वाचतो तेव्हा मधले दिवस चुकलेल्या बाईलाही कथेत पाय ठेवायला जागा मिळते. कादंबरी एकट्याने, दिव्याखाली, सलग वाचायची वस्तू आहे हे आपण गृहीत धरतो. आपल्या समाजातले कितीतरी वाचक अजून ऐकणारे वाचक आहेत. त्यांच्यासाठी नुसता आकडा म्हणजे बंद दार.

आता कादंबरीकडे येतो. फुले आणि बाबासाहेब यांची ही पुस्तके कादंबऱ्या नाहीत. तिथले शीर्षक थेट आरोप करू शकते. कथेत तसे करता येईल का? हॅरिएट बीचर स्टोव यांची 'अंकल टॉम्स केबिन' (१८५२) ही अमेरिकेतल्या गुलामगिरीवरची कादंबरी या बाबतीत पाहण्यासारखी आहे. तिच्या पहिल्या प्रकरणाचे शीर्षक वाचकाची एका माणुसकीच्या माणसाशी ओळख करून देते. आत शिरल्यावर कळते की हा माणूस गुलामांचा व्यापारी आहे. एक गुलाम पळून जातो त्या प्रकरणाचे शीर्षक म्हणते की मालमत्तेच्या डोक्यात भलतेसलते विचार आले. मालक ज्या भाषेत बोलतो तीच भाषा शीर्षकात उचलून ठेवली आहे, आणि मजकूर खालून तिचे वस्त्र फेडतो. आपल्या सातव्या प्रकरणाला नोंदवहीतलेच शब्द द्यायचे, 'पाण्यावरून किरकोळ बाचाबाची' असे शीर्षक ठेवायचे आणि खाली खरे काय घडले ते लिहायचे, ही झाली तीच युक्ती.

ही युक्ती जोरकस आहे; पण तिला मर्यादा आहेत. पहिली अशी की हा उपरोध लेखक आणि वाचक यांच्यामध्ये, पात्राच्या डोक्यावरून होतो. पळून जाणाऱ्या गुलामाला आपल्या प्रकरणाचे शीर्षक ठाऊक नाही. स्टोवबाई गोऱ्या होत्या. त्यांच्या कादंबरीतली करुणा गुलामाला पूर्ण माणूस होऊ देत नाही, असा कठोर आक्षेप जेम्स बाल्डविन या काळ्या लेखकाने १९४९ साली घेतला, तो आपण विसरू नये. दुसरी मर्यादा अशी की अनुक्रमणिकेत सगळीच नावे मालकाच्या भाषेत आली, तर ते पुस्तक पुन्हा मालकाचीच नोंदवही होते. एखाद्या प्रकरणाला उपरोध शोभतो. एकोणीसला शोभत नाही.

स्टोवबाईंच्या नंतर नऊ वर्षांनी, १८६१ साली, हॅरिएट जेकब्स या स्वतः गुलामगिरीतून सुटलेल्या स्त्रीने टोपणनावाने आपली जीवनकहाणी प्रसिद्ध केली. छपराखालच्या नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वात उंच जागी तीन फूट अशा खोबणीत त्या जवळजवळ सात वर्षे लपून राहिल्या. त्या प्रकरणाला त्यांनी स्वतः नाव दिले, आणि त्या नावात त्या खोबणीला निसटून जाऊन आसरा घेण्याची फट म्हटले आहे. मालकाला ती जागा कळली असती तर त्याने तिला चोराची बीळ म्हटले असते. जागा तीच. नाव कोण देतो यावर ती बीळ की आसरा, हे ठरते.

आपल्या साहित्यानेही हे ओळखले आहे. पण बहुधा पुस्तकाच्या नावापुरते. बाबुराव बागुलांच्या कथासंग्रहांची नावे पाहा. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) आणि 'मरण स्वस्त होत आहे' (१९६९). एक गौण वाक्य आहे, दुसरे पूर्ण वाक्य आहे. दोन्हींत क्रियापद आहे. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' (१९८६) या नावात 'माझ्या जन्माची' असे नाही. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या नावात 'माझं' नाही, 'आमुचं' आहे. शीर्षक कोणत्या तोंडाने बोलते, एकट्याचे बोलते की सगळ्यांचे, हे या दोघींनी पुस्तकाच्या दारावरच सांगितले. मग दार ओलांडून आत गेल्यावर प्रकरणाप्रकरणाला आपण मुके का होतो?

म्हणून लिहिणाऱ्या तरुण मित्रांना मी चार गोष्टी सुचवतो.

पहिली: शीर्षकातले क्रियापद तपासा. मराठीत जोड्या आहेत. जळणे आणि जाळणे. फुटणे आणि फोडणे. मरणे आणि मारणे. तुटणे आणि तोडणे. पहिल्या क्रियापदाला कर्ता लागत नाही, दुसऱ्याला लागतो. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. त्या दिवसांविषयी बोलताना आजही माणसे सहज म्हणून जातात, 'तेव्हा घरे जळाली'. घर आपोआप जळत नाही. 'जळाली' म्हणणारा खोटे बोलत नसतो. तो फक्त कर्ता गाळतो. नोंदवहीचे सगळे कौशल्य या गाळण्यात आहे. तुमचे शीर्षक कर्ता गाळत असेल तर तुम्ही नकळत तिचीच भाषा लिहीत आहात. मी वर घटना सांगताना 'घागरी फोडण्यात आल्या' असे लिहून गेलो. माझ्याही हातून कर्ता गळला, तो असा.

दुसरी: शीर्षकाला घोषणा करू नका. 'अन्यायाविरुद्ध एल्गार', 'क्रांतीची ठिणगी' ही नावे मोर्चाच्या फलकावर शोभतात. तिथे ती हवीतच. प्रकरणाच्या डोक्यावर ती आली की वाचकाने आत काय वाटून घ्यायचे ते आधीच ठरते आणि घटना बिचारी खाली उभी राहते. घटना सांगा. संताप वाचकाचा त्याला येऊ द्या.

तिसरी: शीर्षक बोलीत असायला हरकत नाही, पण ज्याची घटना त्याच्या बोलीत असावे. म्हातारीच्या प्रकरणाचे नाव शिकलेल्या नातवाच्या तोंडचे असले की ती पुन्हा एकदा परकी होते.

चौथी: अनुक्रमणिका तयार झाली की ती एकटीच, मजकुराशिवाय, मोठ्याने वाचून पाहा. शक्य असेल तर ज्यांच्यावर हे गुदरले त्यांच्यासमोर वाचा.

ही चौथी गोष्ट मला त्या विद्यार्थ्याच्या घरी समजली. 'वणवा' हे नाव सोडून दे, एवढेच मी त्याला सुचवले होते. चार दिवसांनी त्याने नवी अनुक्रमणिका केली आणि मला घरी बोलावले. सातव्याचे नाव त्याने असे लिहिले होते: 'विहिरीवर आमच्या दोन घागरी गावाने कशा फोडल्या, आणि त्या फुटल्या असे कसे लिहिले गेले'. तो एकेक नाव वाचत होता. त्याची माय उंबऱ्याजवळ मिरच्या निवडत बसली होती. तिला वाचता येत नाही. विहिरीवर गेलेल्या बायकांत ती होती. तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली. ज्या म्हातारीला ढकलले ती तिची सासू. सातवे नाव ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"गुरुजी, दोन न्हाई," ती म्हणाली. "तीन व्हत्या. तिसरी माझ्या सासूची. ती पडली तवा खालीच व्हती, म्हणून कुणी मोजली न्हाई."

मुलगा तिच्याकडे पाहत राहिला. नोंदवहीतला आकडा त्याने विश्वासाने उचलला होता. तिची सगळी भाषा त्याने नाकारली, पण आकडा मात्र तिचाच घेतला. आणि इतक्या वर्षांत मायला कोणी विचारले नव्हते म्हणून तिने सांगितलेही नव्हते.

शीर्षक 'वणवा' असते तर त्या माऊलीला काय म्हणता आले असते? ती म्हणाली असती, चांगले आहे. 'वणवा' हे नाव चुकू शकत नाही. म्हणून ते खरेही ठरू शकत नाही. 'सात' हा आकडाही चुकू शकत नाही. 'दोन घागरी फोडल्या' हे मात्र चूक होते, आणि ते चूक आहे हे सांगणारी साक्षीदार उंबऱ्यात बसली होती. वर्णनपर शीर्षकाचे खरे मोल मला त्या दिवशी कळले. ते लेखकाला पकडीत धरते. ज्यांचे हे जगणे आहे त्यांना ते ऐकता येते, तपासता येते, खोडता येते.

कोणी म्हणेल, कादंबरी ही कल्पित असते. तिथे दोन काय नि तीन काय. कादंबरीत गावाचे नाव बदलते, तीन माणसांचे एक पात्र होते, हे मान्य. पण कोणी फोडले आणि कोणाचे फुटले, हे नाते कल्पनेच्या नावाखाली बदलता येत नाही. तिसरी घागर कथेत आली ती केवळ एक वाढीव वस्तू म्हणून नव्हे. ती मोजली गेली नाही, ही त्या सातव्या प्रकरणाची खरी कथा निघाली. मुलाने ते प्रकरण पुन्हा लिहिले. आता त्याचे नाव आहे: 'विहिरीवर आमच्या तीन घागरी गावाने फोडल्या, त्यांतली एक कोणी मोजली नाही'.

एक गोष्ट राहिली. एकोणीसपैकी अठरा प्रकरणांना त्याने अशी नावे दिली. अकराव्याच्या जागी आकडाच ठेवला. त्यात त्याच्या आजीचे अंथरुणावरचे शेवटचे दिवस आहेत. "याला काय म्हणावं ते मायलाही सांगता येईना, मलाही," तो म्हणाला. मी आग्रह केला नाही. नाव देण्याचा हक्क मिळवणाऱ्याला नाव न देण्याचाही हक्क असतो. अठरा वाक्यांच्या मध्ये तो उघडा आकडा आता उगीच राहून गेलेला वाटत नाही; तिथे कोणीतरी मुद्दाम गप्प बसले आहे हे वाचकाला कळते. सगळीकडे आकडेच असते तर ही शांतता ऐकू आली नसती.

नोंदवहीतली ती ओळ अजून तशीच असेल. तिच्यात आजही दोनच घागरी आहेत आणि त्या आपोआपच फुटल्या आहेत. ती बदलणे आमच्या हातात नाही. अनुक्रमणिका आमच्या हातात आहे.